धुळ्याची नेव्ही भरती अकॅडमी: मुलीला चार महिने ठेवल्यानंतर लिहिते आहे

आमची थोरली बारावी सायन्सला असतानाच म्हणायला लागली होती, मला नेव्हीत जायचंय. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठाला. नदीला पाणी पावसाळ्यापुरतं, नळाला आठ दिवसांआड. घरात कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "पोरले इतली दूर काबर धाडी राहिनी तू? तठे मानसे पानीमा ऱ्हातस का?" मला उत्तर देता आलं नाही, कारण तिथं माणसं कशी राहतात हे मलाही ठाऊक नव्हतं. मी अंगणवाडी सेविका आहे, मालक शेती करतात, कापूस आणि मका. मिलिटरीतली माणसं आमच्याकडे गावोगाव आहेत, बीएसएफ, सीआरपीएफ सगळीकडे आपली पोरं आहेत. नेव्हीतलं मात्र आमच्या पंचक्रोशीत एकही घर नव्हतं.

म्हणून क्लास शोधायला मी स्वतः निघाले. अमळनेर, जळगाव, धुळे असे तीन क्लास पाहिले. तिन्हीकडे बाहेर सारखाच फलक होता, एका बाजूला रणगाडा, एका बाजूला विमान, मध्ये जहाज आणि खाली निवड झालेल्या पोरांचे फोटो. मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं. नेव्हीत गेल्यावर पोरगी नेमकं करते काय? पहिल्या दोन ठिकाणी उत्तर मिळालं, "ताई, सरकारी नोकरी लागते, पगार चालू होतो." तिसरी अकॅडमी धुळे शहराबाहेर, रस्त्यापासून थोडी आत, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे नेव्हीतले एक निवृत्त चीफ पेटी ऑफिसर (खलाशांमधला वरचा हुद्दा) शिकवतात. पोरं त्यांना चीफ सर म्हणतात. शिरपूर तालुक्याचे आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, वहीचं एक पान फाडलं, त्यावर जहाज उभं कापून दाखवलं. खाली इंजिन, वर मेस, त्यावर झोपायच्या जागा, सगळ्यात वर रडार. कोणत्या मजल्यावर कोण काय काम करतं, हे पाऊण तास सांगत होते. तो कागद अजून माझ्याकडे आहे. तिथेच फी भरली.

फी चार महिन्यांची 26,000, त्यात होस्टेल आणि मेस धरून. पोहण्याच्या टाकीचे 2,000 वेगळे घेतले, त्याबद्दल पुढे लिहिते.

अकॅडमीचं नाव देत नाही. त्यांची काही चूक इथे सांगणार आहे आणि ती चारचौघांत नाव घेऊन सांगावी अशी माझी इच्छा नाही. ज्यांना मुलं घालायची आहेत त्यांना खाणाखुणांवरून कळेल.

आधी सगळ्यात चांगलं काय ते सांगते, शनिवारचा तास. आठवडाभर गणित, विज्ञान, इंग्रजी, जीके आणि ग्राउंड. शनिवारी दुपारी मात्र चीफ सर फक्त समुद्र शिकवतात. परीक्षेत त्याचे मार्क किती पडतील ते देव जाणे, पण माझी पोर ज्या कामाला निघाली ते काम तिला त्या तासात कळलं. तिची शनिवारची वही वेगळी आहे. खालचे आकडे बहुतेक त्या वहीतले.

पहिल्या शनिवारी सरांनी फळ्यावर काहीच काढलं नाही म्हणे. फक्त विचारलं, पांझरा कुठे जाते? पोरं म्हणाली, मुडावदला तापीत. बोरी? तीही तापीत. तापी? सुरतला. सुरतच्या पुढे? वर्ग गप्प. मग त्यांनी तापीची 724 किलोमीटरची रेघ काढली आणि ती अरबी समुद्रात सोडली. तिथून डाव्या हाताला मुंबई, समोर ओमान, त्याच्या वर होर्मुझची चिंचोळी वाट, खाली एडनचं आखात, आणि तिथून तांबड्या समुद्राचं तोंड. त्या दिवशी घरी फोन आला तेव्हा थोरली म्हणाली, "आई, आपल्या नदीचं पाणी शेवटी तिथंच जातं गं, जिथं मला जायचंय." 

मग सरांनी केळी घेतली. माझा भाऊ रावेरकडे केळी लावतो. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2021 मध्ये तांदलवाडीची केळी दुबईला गेली, हे आम्हाला पेपरमधून माहीत होतं. पण ती जाते कशी? कंटेनरमध्ये भरून न्हावाशेवा बंदराला, तिथून जहाजाने अरबी समुद्र ओलांडून होर्मुझच्या वाटेने. जून 2019 मध्ये ओमानच्या आखाताजवळ तेलाच्या जहाजांवर हल्ले झाले, तेव्हापासून आपल्या नौदलाने त्या भागात 'ऑपरेशन संकल्प' सुरू केलं. भारताच्या व्यापारी जहाजांना संरक्षण देत आपल्या युद्धनौका तिथे फिरतात. पोटॅश खत तर आपल्याकडे जवळपास तयारच होत नाही, बहुतेक सगळं समुद्रातून येतं. हे मी भावाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे आपला घडही त्यांच्याच भरोशावर जातो का?" तोवर भाचीच्या नेव्हीला त्याचा विरोध होता.

नेव्ही, कोस्ट गार्ड आणि मर्चंट नेव्ही यांतला फरक पालकांना पहिल्यांदा समजावून सांगणारा क्लास मी हाच पाहिला. नौदल म्हणजे करड्या रंगाची जहाजं, युद्धासाठी, देशापासून कितीही लांब जाणारी. तटरक्षक दल वेगळं, ते 1977 साली उभं राहिलं आणि 1978 मध्ये त्याचा कायदा झाला. त्यांची जहाजं पांढरी, अंगावर तिरपे पट्टे. तस्करी, बुडणारे मच्छीमार, समुद्रात सांडलेलं तेल ही त्यांची रोजची कामं. किनाऱ्याला लागून सागरी पोलीस असतात, ते राज्याचे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल म्हणजे साधारण 22 किलोमीटर ही देशाची हद्द. 200 सागरी मैल, म्हणजे 370 किलोमीटरपर्यंत मासे, तेल, वायू यांवर आपला हक्क. सर पोरांना म्हणाले, अमळनेरहून मुंबईला जाता ना, साधारण तेवढं. 26 नोव्हेंबर 2008 ला दहा जण समुद्रातूनच मुंबईत उतरले. त्यानंतर किनाऱ्याच्या सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे दिली गेली आणि तळांच्या रक्षणासाठी 'सागर प्रहरी बल' उभं केलं.

आणि मर्चंट नेव्ही हे सैन्यदल नाही. ती मालवाहू जहाजांवरची खाजगी नोकरी आहे, चांगलीही असते. पण तिच्या नावावर आपल्या भागात एजंट फिरतात. माझ्या माहेरच्या गल्लीतल्या एका घराने शेत गहाण ठेवून लाखो रुपये भरले. पोराला सहा महिन्यांचं सर्टिफिकेट मिळालं, जहाज मिळालं नाही. सरांनी पालकसभेत स्पष्ट सांगितलं, ज्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता नाही तिथे एक रुपया भरू नका, मान्यताप्राप्त संस्थांची यादी सरकारी वेबसाइटवर असते. नेव्हीच्या भरतीत तर एजंट लागतच नाही. अर्ज ऑनलाइन, परीक्षेची फी 550 रुपये आणि वर जीएसटी, तेवढंच. थोरलीने सायबर कॅफेत बसून अर्ज स्वतः भरला.

आता विक्रांतचा दिवस.

अकॅडमीच्या मागे एका शेतकऱ्याचं रान आहे. मार्च संपता संपता हरभरा निघाला आणि शेत मोकळं झालं. सरांनी त्या शेतकऱ्याला विचारलं आणि पोरांना फक्कीच्या गोण्या उचलायला लावल्या. कबड्डीचं मैदान आखतो तसं त्यांनी त्या शेतात आयएनएस विक्रांत ही विमानवाहू नौका आखली, खऱ्या मापाची. 262 मीटर लांब, 62 मीटर रुंद. टेप लावून मोजलं, खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. त्या दिवशी पालकांना बोलावलं होतं म्हणून मी तिथे होते. आमचे मालकही आले होते. त्यांनी डोळ्यांनीच अंदाज घेतला आणि म्हणाले, "आयत धरला तर चार एकर भरलं की हे." सर म्हणाले, बरोबर, पण टोकाला निमुळती आहे म्हणून थोडी कमी धरा. मालक त्या रेघेवरून पूर्ण फेरी मारून आले. चार एकराच्या आसपासचं रान पाण्यावर तरंगतं आणि त्यावरून विमानं उडतात, हे त्यांना आकडा ऐकून कळलं नसतं. पायांनी चालल्यावर कळलं.

सरांनी पुढचं टोक दाखवलं. तिथे डेक वर उचललेला असतो, त्या चढावरून विमान हवेत झेपावतं. मागच्या बाजूला आडव्या दोऱ्या अंथरल्या. उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीखालचा आकडा अशा तारेत अडकतो आणि ते डेकवर थांबतं. मग पोरांना विमानं केलं आणि पळवलं. ही नौका कोचीला बांधली, 2 सप्टेंबर 2022 ला नौदलात आली. त्याच दिवशी नौदलाला नवा ध्वज मिळाला, त्यावरची अष्टकोनी चौकट शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली. जहाजावर 1,600 माणसं राहतात, 16 खाटांचा दवाखाना आहे, पोळ्या मशीनवर होतात, तासाला हजारोंनी. माझ्या गावाची वस्ती त्याहून कमी आहे. मी अंगणवाडीत पस्तीस पोरांची खिचडी करते, तेव्हा हजार-दीड हजार माणसांचं रोज तीन वेळा करायचं म्हणजे काय, ते मला नीट समजतं. थोरलीला विचारलं, तुला तिथे स्वयंपाकाला लावलं तर? म्हणाली, "लावू दे. जहाज जेवणावरही चालतं, सर म्हणतात."

त्याच रानात कडेला त्यांनी पाणबुडीही आखली होती. कलवरी वर्गातली, साडेसदुसष्ट मीटर लांब, सहा मीटरच्या वर थोडी रुंद. आत चाळीस-पंचेचाळीस माणसं. आपल्या लाल परीत जेवढी बसतात तेवढी. सरांनी तेवढी पोरं त्या रेघेच्या आत बसवली, वीस मिनिटं. उठायचं नाही, बाहेर पाय टाकायचा नाही. एक मुलगा रडायला लागला. सर त्याच्यावर ओरडले नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणाले, आत्ता कळलं ते बरं झालं, पाणबुडीत सक्तीने पाठवत नाहीत, ती माणसं स्वतःहून पुढे येतात.

पोरांना, विशेषतः मुलांना, मार्कोसचं, म्हणजे नौदलाच्या कमांडोंचं, फार वेड आहे. दाढी, काळे कपडे, पाण्यातून बाहेर येणं, मोबाइलवर तेच बघतात. सरांनी सांगितलं, मार्कोस 1987 साली सुरू झालं आणि त्याची थेट भरती नसते. आधी नौसैनिक व्हा, मग स्वतःहून नाव द्या, मग तावूनसुलाखून निघा. आणि त्यांचं काम मोबाइलवर दिसतं तसं नसतं, हे दाखवायला मार्च 2024 ची गोष्ट सांगितली. एमव्ही रुएन नावाचं मालवाहू जहाज सोमाली चाच्यांनी डिसेंबर 2023 मध्ये पळवलं होतं. आपल्या आयएनएस कोलकाताने ते भारताच्या किनाऱ्यापासून 2,600 किलोमीटर लांब गाठलं. वायुदलाच्या सी-17 विमानातून मार्कोस समुद्रात उतरवले. चाळीस तास चाललं. 35 चाच्यांनी शरणागती पत्करली, 17 खलाशी सुखरूप सुटले, एकही जण गेला नाही. सर पुन्हा पुन्हा त्या चाळीस तासांवर येत होते. थोरलीच्या वहीत त्याखाली दोन रेघा आहेत आणि लिहिलंय, "बहुतेक वेळ वाट पाहणे. वाट पाहता आली पाहिजे."

पालकसभेतच सरांनी खुकरी जहाजाची गोष्टही सांगितली, आणि ती पोरांसमोर आम्हाला सांगितली. 1971 चं युद्ध. 4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या छोट्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला. त्या बोटींचा पल्ला कमी, म्हणून त्यांना ओढून पुढपर्यंत नेलं होतं. त्या रात्रीमुळे 4 डिसेंबरला नौदल दिन असतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर थांबले आणि म्हणाले, आता पाच दिवसांनंतरचं ऐका. 9 डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, तिच्याबरोबरच पाण्याखाली गेले. शेडमध्ये पंखा फिरत होता तेवढाच आवाज. माझ्या शेजारी पारोळ्याकडच्या एक मावशी बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. सर म्हणाले, "मुलगा-मुलगी आमच्याकडे देताना हेही माहीत असू द्या. मी लपवून ठेवलं तर उद्या तुम्ही मला विचाराल, आणि तुमचा हक्क आहे तो." फी भरून घेणारा माणूस हे बोलत होता, म्हणून मला ते फार मोठं वाटलं.

पैशांचंही त्यांनी असंच उघड सांगितलं. पोरं खलाशी म्हणून लागतात ती अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षं. वय साडेसतरा ते एकवीस, लग्न झालेलं चालत नाही. पहिल्या वर्षी महिना 30,000, पण त्यातले 9,000 निधीत जातात, हातात 21,000. चार वर्षांनी दहा लाखांच्या थोडं वर मिळतात, पेन्शन नाही, आणि शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांनाच पुढे कायम ठेवतात. त्या दिवशी दोन पालकांनी मुलांना घरी नेलं. सर त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. मुलींच्या बाबतीत ते म्हणाले, पहिल्या तुकडीचं दीक्षांत संचलन ओडिशात आयएनएस चिल्काला 28 मार्च 2023 ला झालं, अडीच हजारांवर अग्निवीर होते आणि त्यात पावणेतीनशेच्या आसपास मुली. नौदलात खलाशी म्हणून मुली घेण्याची सुरुवात तिथूनच. म्हणजे माझ्या पोरीला वाट दाखवायला पुढे फार जणी गेलेल्या नाहीत. हे ऐकून मला भीती वाटली. तिला मात्र जोर आला.

ग्राउंड चांगलं आहे. पहाटे पाचला उठवतात. 1.6 किलोमीटर मुलांना साडेसहा मिनिटांत, मुलींना आठ मिनिटांत. थोरली गेली तेव्हा तिला साडेदहा मिनिटं लागायची, तिसऱ्या महिन्यात साडेसातवर आली. पळायला माती आहे, डांबर नाही, त्यामुळे नडगीचं दुखणं फार पोरांना झालं नाही. आंघोळीला एक बादली, त्यात कपडेही. जहाजावर खाऱ्या पाण्याचं गोडं करतात, ते सांडायचं नसतं, म्हणून सवय आत्तापासून. शहरातल्या पोरींनी तक्रार केली. आमच्या थोरलीला त्यात काही नवीन नव्हतं, तिचं सगळं आयुष्य त्याच बादलीत गेलेलं आहे.

आता जे चांगलं नाही ते.

मुलींचं होस्टेल. दोन खोल्या, चौदा मुली, एक संडास, एक न्हाणी. पहिले दीड महिने रात्री कोणी बाई मुक्कामाला नव्हती, बाहेर फक्त वॉचमन. आम्ही पाच आया मिळून गेलो, तेव्हा एक वॉर्डनबाई ठेवल्या. मुलींना प्रवेश देता तर बाई पहिल्या दिवसापासून पाहिजे, आयांनी एसटीने येऊन भांडायची वेळ यायला नको होती. या एका गोष्टीसाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

इंग्रजीच्या सरांनी मध्येच क्लास सोडला आणि वीस दिवस इंग्रजीचा तासच झाला नाही. परीक्षा शंभर प्रश्नांची, एका तासाची, चार विषय, चुकलेल्या उत्तराला पाव मार्क वजा. पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतो. आपल्या पोरींना फिजिक्स येतं, गणित येतं, अडतं ते इंग्रजीच्या पंचवीस प्रश्नांत. तिथेच वीस दिवस जाणं म्हणजे मोठं नुकसान. थोरलीने मोबाइलवर बघून भरून काढलं, पण तिच्या खोलीतल्या दोघींकडे स्मार्टफोन नव्हता.

फलकावरचा एक फोटो खोटा होता. तो मुलगा आमच्या शेजारच्या गावचा, मी त्याच्या आईला ओळखते, त्याने तयारी दुसरीकडे केली होती. मी ऑफिसात सांगितलं. दोन आठवड्यांनी फोटो काढला. चीफ सरांना हे माहीत नव्हतं, त्यांचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून विश्वास ठेवते. अकॅडमी त्यांची नाही, ते तिथे शिकवतात.

मेसचं जेवण पोटभर, पण रोज तेच. पोळी, वरण, भात, बटाटा. खान्देशात राहून चार महिन्यांत एकदाही भरीत नाही, कळण्याची भाकरी नाही. रविवारी शेवभाजी असते, तिला तिखट कमी. पळणाऱ्या पोरांना सकाळी शेंगदाणे-गूळ किंवा अंडं द्यावं, हे मी अंगणवाडीच्या अनुभवावरून लिहून दिलं. शेंगदाणे सुरू झाले. अंडं नाही.

आणि पोहणं. माहितीपत्रकात 'पोहण्याचे प्रशिक्षण' असं मोठ्या अक्षरात होतं, त्यासाठी 2,000 घेतले. चार महिन्यांत टाकीवर किती वेळा नेलं? दोन वेळा. त्यातही मुलींना पहिल्या वेळी फक्त काठावर बसवलं, कारण शिकवणारी बाई आली नव्हती. पोहणं नेव्हीत गेल्यावर प्रशिक्षणात शिकवतात, आधी आलंच पाहिजे असं नाही, हे सरांनीच सांगितलं. मग पैसे घेतले कशाला? परत मागितले. "पुढच्या बॅचला बघू," म्हणाले. ज्यांना प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी टाकीचे किती तास, कोण शिकवणार आणि मुलींची वेळ कोणती, हे पावतीच्या मागे लिहून घ्या आणि सही घ्या.

आता कोणी विचारेल, मग घालावं की नाही? मुलाला घालायचं असेल तर आजच घाला. मुलीला घालायचं असेल तर आधी होस्टेल बघा, रात्री मुक्कामाला बाई आहे का विचारा, आणि मग घाला. शनिवारी दुपारी जा. चीफ सर पालकांना मागच्या बाकावर बसू देतात. एक तास बसलात की तुम्हाला कळेल आपल्या पोराला हे काम झेपेल का, आणि पोराला कळेल त्याला ते करायचं आहे का. माझ्या घरी त्या तासांमुळे सासूबाईही बदलल्या. जानेवारी 2025 मध्ये मुंबईत ज्या नौका नौदलात दाखल झाल्या त्यांत एकीचं नाव सुरत आहे, 164 मीटरची विनाशिका, हे थोरलीने त्यांना फोटोसकट दाखवलं. त्यांचे दोन भाऊ पोटासाठी सुरतेला गेले आणि तिथेच राहिले. त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हाई आपली सुरत शे का?"

शेवटच्या पालकसभेत सरांनी दोरखंड आणला होता आणि गाठी दाखवल्या. एक दाखवली, तिला क्लोव्ह हिच म्हणतात. मी उठून म्हटलं, ही तर आमची खुंट्याची गाठ, बैल बांधतो ती. सरांनी दोर माझ्या हातात दिला. मी टेबलाच्या पायाला मारून दाखवली आणि सगळ्या पोरांनी माझ्याकडून शिकून घेतली. मग त्यांनी बोलाइन शिकवली, ती मला येत नव्हती. फास बसत नाही, कितीही ताण आला तरी माणसाला आवळत नाही, आणि काम झालं की सहज सुटते. बुडणाऱ्याला बाहेर काढायला तीच वापरतात.

थोरलीची पहिली परीक्षा निघाली. दुसऱ्या टप्प्याला जाऊन आली, धावली, मेडिकल दिलं, आता यादीची वाट आहे. टाकीचे 2,000 परत आले नाहीत, म्हणून पोहणं तिने मामाच्या केळीतल्या विहिरीत सुरू केलंय. रोज संध्याकाळी मामा वर दोर धरून उभा असतो. कमरेला गाठ तो बांधायला गेला तर तिने हात बाजूला केला आणि स्वतः बांधली. बोलाइन.